एमसीबी पडला नाही, तरी आग लागली कशी?

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. त्यानिमित्त मागच्या अंकात आगीविषयी प्रश्न मागवले होते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे, पेट्रोलियम आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही इथेच. तरी शहरात कुठेही आग लागली की आपल्याकडे उत्तर एकच तयार असतं: शॉर्ट सर्किट. पत्रांमध्येही तो शब्द इतक्यांदा आला की सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न (मनीषनगर): एसीच्या सॉकेटमधून दोन दिवस जळका वास येत होता. तिसऱ्या दिवशी सॉकेट काळं पडलं आणि प्लगची एक पिन आतच चिकटली. एमसीबी मात्र पडला नाही. वायरमन म्हणतो, शॉर्ट सर्किट झालं, मोठा एमसीबी टाकून देतो. टाकू का?

उत्तर: मुळीच टाकू नका. आणि हे शॉर्ट सर्किटही नाही. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले असते तर शेकडो अँपिअरचा करंट धावला असता आणि एमसीबीने, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचने, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडला असता. तो पडला नाही, याचा अर्थ करंट वाढलाच नव्हता. उष्णता वाढली होती, तीही एका स्क्रूपाशी.

हिशेब करून पाहा. दीड टनाचा एसी साधारण ८ अँपिअर घेतो. सॉकेटमधला स्क्रू ढिला झाला, पितळी पट्टी काळवंडली आणि त्या जोडाचा रोध अर्धा ओम झाला असं धरू. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ८ × ८ × ०.५ = ३२ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं. तसंच एक, त्याहून थोडं तापट, तुमच्या सॉकेटच्या प्लॅस्टिकच्या पोटात रोज रात्रभर चालू होतं. एमसीबीच्या लेखी सगळं ठीक, कारण ८ अँपिअर जायचे तेवढेच जात होते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तोही गप्पच राहणार, कारण करंट अर्थिंगमध्ये गळत नव्हता. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसा जोड तापतो, निवतो, आणि दर फेरीला आणखी ढिला होतो. त्यात आपला मे महिना. घरातल्या तारेवरचं साधं पीव्हीसी सतत ७० अंश सोसेल असं बनवलेलं असतं. टिनाच्या छताखाली हवाच पन्नाशीला टेकली तर हाताशी उरतात जेमतेम २० अंश.

दुरुस्ती अशी करून घ्या. त्या सर्किटचा एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुन्याची सैल पकड नव्यालाही तापवते. तार काळी पडली आहे तिथून मागे, तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापा. सॉकेट १६ अँपिअरचं, तार एसीसाठी स्वतंत्र आणि ४ चौरस मिलिमीटरची असावी. बहुतारी वायरची टोकं नुसती पिळून स्क्रूखाली देऊ नका, लग किंवा फेरूल (टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबून घ्या. जुन्या घरात अ‍ॅल्युमिनियमची तार असेल तर तिला तांब्याची तार पिळून जोडणं बंद. दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावतात आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर करंट अडवतो. राहिला मोठा एमसीबी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर तार तापून मऊ होईल, पण तो हलणार नाही. एमसीबी असतो तारेसाठी, एसीसाठी नव्हे. मार्च महिन्यात, कूलर-एसी सुरू व्हायच्या आधी, मुख्य बोर्डातले सगळे स्क्रू एकदा आवळून घेतले की यातली बरीच प्रकरणं होतच नाहीत. खर्च वायरमनच्या एका चकरेचा.

कूलरबद्दल जाता जाता एवढंच. टाकी कोरडी पडून पंप सुकाच फिरत राहिला की त्याचं वाइंडिंग तापतं, आणि शेजारी वुडवूलच्या वाळलेल्या ताट्या असतात. ताटी पेटली आणि पंखा चालूच असला तर तो जाळ थेट खोलीत ओढतो. अशा वेळी आधी वीज बंद, मग पाणी.

प्रश्न (धंतोली): पण बातम्यांत दर वेळी जळालेल्या घरात ‘शॉर्ट झालेली तार सापडली’ असं येतं. तो पुरावा खोटा असतो का?

उत्तर: तार खरी असते, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरेचदा खोटा. आग कशानेही लागो, ती चालू तारेपर्यंत पोचली की वरचं पीव्हीसी कोळसा होतं. कोळशातून वीज वाहते, ठिणगी उडते आणि तांब्यावर गोल मणी तयार होतो. आग आधी, शॉर्ट नंतर. वीज चालू असलेल्या कुठल्याही जळक्या घरात असे मणी सापडणारच.

तपासणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मणी ठिणगीचा की आगीचा. तांबं १०८५ अंशांना वितळतं. ठिणगीने वितळलेली जागा आखूड असते, तिची कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असते आणि लगतची तार जशीच्या तशी असते. आगीत वितळलेली तार लांबवर पातळ झालेली, ओघळलेली दिसते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, त्याच्या थेंबांवरून फारसं काही सांगता येत नाही. दुसरी, एका सर्किटवर अनेक ठिणग्यांच्या जागा असतील तर मीटरपासून सर्वांत दूरची जागा शोधा. ठिणगीने तार तुटली किंवा एमसीबी पडला की पुढचा भाग निर्जीव होतो, तिथे मग ठिणगी उडू शकत नाही. म्हणून सर्वांत दूरची जागा बहुधा सर्वांत आधीची, आणि आगीच्या सुरुवातीच्या जवळची. तिसरी, कुठला एमसीबी पडला होता, कुठला वर होता. याचा फोटो कोणी बोर्डाला हात लावण्याआधी हवा. प्रत्यक्षात काय होतं? पहिला शहाणा माणूस येतो आणि सगळे स्विच खाली ओढतो. वीज तोडणं गरजेचंच आहे, पण मोबाइलवर एक फोटो काढायला दोन सेकंद लागतात.

प्रश्न (महाल): कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकू नये म्हणतात. मग काय टाकावं? आणि सिलिंडरच्या नळीला आग लागली तर?

उत्तर: टाकायचं काही नाही, झाकायचं. खाद्यतेल साधारण ३६० अंशांच्या पुढे आपोआप पेटतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होते आणि एका लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ तेलाला छतापर्यंत उडवते. शेगडीचा खटका बंद करा, कढईपेक्षा मोठं सपाट झाकण किंवा परात स्वतःच्या बाजूने पुढे सरकवत ठेवा आणि अर्धा तास उचलू नका. तेल अजून तापलेलंच असतं, हवा मिळाली की परत पेटतं. कढई उचलून अंगणात न्यायचा मोह सगळ्यांत घातक. भाजण्याचे प्रसंग बरेचसे या पाच पावलांतच घडतात.

नळी पेटली तर रेग्युलेटरची मूठ बंद करा, जाळ जाईल. सिलिंडरच्या तोंडाशीच जाळ असेल तर जाड गोधडी किंवा सुती चादर पाण्यात बुडवून, बाजूने जाऊन झाका आणि तिच्याआडून हात घालून बंद करा. तेही जमलं नाही तर जळू द्या. बंद न होणारा वायू विझवला तर तो पेटता होता त्याचा नुसता साचता होतो, आणि हवेत जेमतेम २ टक्के एलपीजी मिसळला तरी स्फोटाला पुरतो. माणसं बाहेर काढा, दुसरा सिलिंडर हलवा, लांबून पाणी मारून टाकी गार ठेवा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

जाळ नाही, नुसता वास असेल तर कुठलंही बटन दाबायचं नाही. चालू दिवा बंदही करायचा नाही. एलपीजी हवेहून जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून खिडकीपेक्षा दार उघडणं महत्त्वाचं. रेग्युलेटर काढून टोपी बसवा आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करा. सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या आतली पट्टी वाचायची सवय लावा. ‘बी २७’ म्हणजे २०२७ च्या एप्रिल ते जूनमध्ये त्याच्या चाचणीची मुदत संपते. ए जानेवारी-मार्च, सी जुलै-सप्टेंबर, डी ऑक्टोबर-डिसेंबर. नळी पाच वर्षांनी बदलायची, ती फाटायची वाट पाहायची नाही.

प्रश्न (कळमेश्वर): आमच्या गोदामातल्या रुईच्या गाठींना आग लागली. बंबाने पाणी मारून विझवली, तिसऱ्या दिवशी त्याच थप्पीतून परत धूर. विमा कंपनी म्हणते, माल आपोआप पेटला, भरपाई नाही. रुई आपोआप पेटते का?

उत्तर: स्वच्छ, कोरडी रुई आपोआप पेटत नाही. तेल लागलेली रुई, ओल धरलेली सरकी, जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या हे स्वतःहून तापतात. तेलाचा हवेशी संयोग होतो, उष्णता निघते, ढिगाच्या पोटातून ती बाहेर जाऊ शकत नाही आणि तापमान चढत जातं. तुमच्या गाठींवर खाद्यतेल किंवा जवसाचं तेल सांडलं नसेल, तर पहिला संशय जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर घ्या.

कापसात दगड, खिळा, विळ्याचा तुकडा आला, तो जिनच्या फिरत्या भागांवर आपटला, ठिणगी रुईत पडली आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधली गेली. दाबलेल्या रुईत अडकलेल्या हवेवर ती ठिणगी ज्वालेशिवाय, मुंगीच्या पावलांनी धुमसत राहते. बाहेरून ना धूर, ना चटका. काही दिवसांनी ती पृष्ठभागाला येते आणि मग गोदामातल्या बिडीवाल्यावर आळ येतो.

विझत का नाही, याचं कारणही तेच. पाणी पृष्ठभागावरून घसरतं, आत शिरत नाही. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं ओलावक द्रव्य मिसळलं तर थोडं खोल जातं, तरी गाभ्याची खात्री नाही. खरा उपाय कष्टाचा आहे. थप्पी मोडा, धुमसणारी प्रत्येक गाठ बाहेर मोकळ्या जागेत न्या, पट्ट्या कापा, रुई पसरवा आणि पसरताना पाण्याच्या फवाऱ्याची नळी सज्ज ठेवा, कारण गाठ उघडताच आतल्या निखाऱ्याला हवा मिळून भडका होतो. शेजारच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या गाठी वेगळ्या ओळीत, अंतर ठेवून, काही आठवडे निगराणीत ठेवा. थर्मल कॅमेरा मिळाला तर उत्तम, पण तो पृष्ठभाग दाखवतो, गाभा नाही. मधोमध सळई खुपसून पाच मिनिटांनी हाताने पाहणं आजही उपयोगी. आणि भिजलेली रुई फुगते, जड होते. थप्पी भिंतीला टेकलेली असेल तर भिंतीवर रेटा येतो, माडीवर असेल तर मजल्यावर भार. म्हणून भिंतीपासून माणूस जाईल इतकी गल्ली ठेवायची.

या सप्ताहाची तारीखही रुईशी बांधलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात रुईच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र होती. दुपारी रुईतून धूर निघाला, पाण्याचा मारा सुरू झाला, पण खाली धुमसतंय कुठे ते सापडेना. चारच्या सुमारास जहाज उडालं. ६६ अग्निशामक जवान त्यात गेले.

विम्याचं असं आहे. नेहमीच्या अग्नी विमा पॉलिसीत मालाचं स्वतःचं आंबणं, नैसर्गिक तापणं किंवा स्वयंदहन वगळलेलं असतं, जादा हप्ता भरून ते घेता येतं. पण जिनमधल्या ठिणगीने गाठीच्या पोटात धुमसलेली आग म्हणजे स्वयंदहन नव्हे, तिचा उगम बाहेरचा आहे. ते दाखवायचं तर ज्या गाठीतून दुसऱ्यांदा धूर निघाला ती फेकू नका. सर्वेक्षकासमोर, फोटो काढत थराथराने उघडा. जळण गाभ्यातून बाहेर गेलेलं दिसलं, गाभ्यात दगड किंवा लोखंडाचा तुकडा मिळाला, आणि गाठीवरच्या क्रमांकावरून प्रेसिंगची तारीख जुळली, तर तुमची बाजू भक्कम. गाठीवर तेलाचे डाग नाहीत, हेही लिहून घ्या.

प्रश्न (सदर): धुरात अडकल्यावर नाकाला ओला रुमाल लावला तर चालतं ना?

उत्तर: काजळी अडते, डोळ्यां-घशाची आग थोडी कमी होते. पण मारणारा वायू कार्बन मोनॉक्साइड, आणि तो ओल्या रुमालातून आरपार जातो. त्याला ना वास, ना रंग. रुमाल शोधण्यात वेळ घालवू नका. वाका, गुडघ्यांवर या, भिंत धरून बाहेर पडा. जिन्यात धूर असेल तर उलट खोलीत जा, दार लावा, फटीत ओली चादर खुपसा आणि खिडकीत उभं राहून हाक मारा. बंद दार काय करतं ते जळालेल्या घरांत पाहायला मिळतं: हॉल कोळसा झालेला आणि दार लावलेल्या बेडरूममधल्या पडद्याला फक्त काजळी.

प्रश्न (बेसा): आमच्या सोसायटीत हायड्रंट आहे, अग्निशामक नळकांडी आहेत, दर वर्षी पैसेही भरतो. ते वेळेवर चालेल याची खात्री कशी करायची?

उत्तर: कागद पाहून नाही, पाणी काढून. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. सचिवांनी एजन्सीच्या माणसासोबत गच्चीवर जावं आणि सर्वांत वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह स्वतः उघडून घ्यावा. पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि वर साधारण साडेतीन किलो दाब मिळाला पाहिजे.

बिघाड कुठे कुठे असतो ते सांगतो, कारण ते जवळजवळ ठरलेले आहेत. पंपाच्या पॅनेलची चावी ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर: जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होऊन आवाज करतो म्हणून वॉचमनने फिरवलेली. खरा दोष कुठल्या तरी गळक्या व्हॉल्व्हचा असतो. पंपाची वीज इमारतीच्या मुख्य स्विचनंतर घेतलेली: आग लागली की पहिला माणूस मुख्य स्विच पाडतो आणि पंपही मरतो; ही जोडणी मुख्य स्विचच्या आधी, स्वतंत्र हवी. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. पेटीतलं पितळी नोझल गायब, ते भंगारात चांगल्या भावाने जातं. ६३ मिलिमीटरच्या होजच्या जोडातली रबरी वायसर नाही, म्हणून निम्मं पाणी जोडातूनच उडतं. होज ओलाच गुंडाळून ठेवलेला, घडीवर कुजलेला. बंबाने पाणी द्यायच्या तोंडांसमोर स्कूटरची रांग.

आणि मे महिन्यात टाकीच रिकामी. टँकर महाग म्हणून आगीच्या टाकीतलं पाणी वापराला घेतलेलं असतं. बांधतानाच पाणी आधी आगीच्या टाकीत आणि ती भरून वाहिली की घरगुती टाकीत अशी रचना असेल तर हा प्रश्न येत नाही, पाणीही ताजं राहतं. नसेल तर घरगुती पंपाचं सक्शन इतक्या उंचीवर घ्या की खालचा साठा त्याला ओढताच येणार नाही. नोटीस लावून हे होत नसतं.

नळकांड्यांचं थोडक्यात. सहा किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं दहा-पंधरा सेकंदांत संपतं, तेव्हा दोन-तीन मीटरवरून, ज्वालेच्या बुडाशी, झाडू मारल्यासारखं फिरवत मारा. काटा हिरव्यात आहे म्हणजे दाब आहे. आत पावडरचा गोळा झालेला असू शकतो. महिन्यातून एकदा उलटं करून कान लावा, पावडर सरकल्याचा आवाज यायला हवा. ‘चालतं का बघू’ म्हणून एक फुसकारा कधीच सोडू नका. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि आठवड्याभरात दाब शून्य. पावडरच्या नळकांड्याची हायड्रॉलिक चाचणी तीन वर्षांनी, सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांड्याची पाच वर्षांनी. सीओटूला काटा नसतो, त्याचं वजन करायचं. भरलेल्या वायूत १० टक्क्यांहून जास्त घट आली तर भरून घ्यायचं. मारताना त्याचा कर्णा हाताने धरू नका, उणे ७८ अंशांचा बर्फ कातडी सोलतो. मीटर-रूमला सीओटू चांगलं, पण कोंदट खोलीत मारलं की तुम्हीही बाहेर या.

प्रश्न (रविनगर, कायद्याची विद्यार्थिनी): सरावासाठी दिलेल्या एका प्रकरणात फरशीवरचे वेडेवाकडे जळके डाग आणि जाळीसारखी तडकलेली काच यावरून ‘पेट्रोल ओतून आग लावली’ असा अभिप्राय आहे. असं म्हणता येतं का?

उत्तर: येत नाही. या दोन्ही खुणा एके काळी जगभर पुरावा मानल्या जात. काच तडकते ती ‘पेट्रोलच्या झपाट्याच्या आगीने’ असं शिकवलं जाई. प्रयोगांत दिसलं की तापलेल्या काचेवर पाणी पडल्यावर तशी जाळी होते, म्हणजे ती खूण बंबवाल्यांचीच. फरशीवरच्या डागांचं कारण समजायला खोली कशी जळते ते पाहावं लागतं.

सोफा किंवा गादी पेटली की गरम धूर छताखाली साचतो. त्या थराचं तापमान ५०० ते ६०० अंशांवर गेलं की तो खाली इतकी उष्णता फेकतो की खोलीतलं सगळं, जमिनीवरचा गालिचासुद्धा, जवळपास एकाच वेळी पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. फोमच्या फर्निचरच्या खोलीत तो काही मिनिटांत होतो. त्यानंतर सर्वांत खोल जळण आग जिथे लागली तिथे असेलच असं नाही. जिथून हवा आत येते तिथे, म्हणजे दारा-खिडकीसमोर, ते खोल होतं. पडलेले पडदे आणि वितळलेला फोम जमिनीवर ‘ओतल्यासारखे’ डाग ठेवतात. २००५ मध्ये लास व्हेगासला फ्लॅशओव्हरनंतर दोन मिनिटं जळू दिलेल्या खोल्या ५३ तपासनिसांना दाखवल्या आणि आग खोलीच्या कुठल्या चतुर्थांशात लागली एवढंच विचारलं. एका खोलीत बरोबर उत्तर देणारे तिघे. दुसऱ्या खोलीतही तिघेच. आणि टेक्सासमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला १९९१ च्या घरातल्या आगीवरून २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्या खटल्यात असेच डाग आणि तडकलेली काच मांडली होती. नंतर अनेक अग्नितज्ज्ञांनी त्या खुणा शास्त्रात टिकत नाहीत असं दाखवून दिलं.

मग करायचं काय? आधी उगमाची जागा, मग कारण. बाहेरून आत, कमी जळलेल्या भागातून जास्त जळलेल्याकडे जायचं. पहिला धूर कुठून आणि कोणत्या रंगाचा दिसला, कुठलं दार उघडं होतं, बंबवाल्यांनी कुठलं फोडलं, हे आधी विचारायचं. राखेचे थर खणून काढताना वरचं वर, खालचं खाली ठेवायचं. छताचे तुकडे फर्निचरच्या खाली सापडले तर काहीतरी आधी पडलं, ते का, हा प्रश्न निघतो. उगमाच्या जागी पेटवू शकणारं काय होतं आणि त्याने पहिल्यांदा काय पेटलं, ही जोडी जुळली तरच कारण सांगायचं. ‘दुसरं काही सापडलं नाही, म्हणून लावलेली आग’ हे उत्तर होत नाही.

पेट्रोलचा संशय असेल तर नमुन्यातच सगळं आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाली तर वाफ पेटू शकेल असं किमान तापमान, उणे ४० अंशांच्या आसपास; त्याची वाफ पेटते आणि उघड्यावरचं द्रव जळून जातं. उरतं ते जिथे ज्वाला पोचत नाही तिथे: फरशीच्या सांध्यात, उंबऱ्याखाली, गादीच्या खालच्या अंगाला, पायाशी मुरलेल्या मातीत. तिथूनच घ्यायचं. नमुना नव्या, हवाबंद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत, दोन-तृतीयांशच भरायचा. वरची मोकळी जागा प्रयोगशाळेला वाफ गोळा करायला लागते. साधी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, तिच्यातून वाफ आत-बाहेर जाते. खास नायलॉनची पिशवी चालते. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. मातीचा नमुना थंड ठेवायचा, त्यातले जिवाणू पेट्रोल खाऊन टाकतात. आणि त्याच गालिच्याचा, त्याच फरशीचा, संशय नसलेल्या कोपऱ्यातला नमुना वेगळ्या डब्यात हवाच, कारण जळलेला फोम आणि गालिचा स्वतःच टोल्युइन, स्टायरिनसारखी द्रव्यं सोडतात. शिवाय एक रिकामा डबा, डबेच स्वच्छ होते हे दाखवायला. सगळं पंचांसमोर सीलबंद, प्रत्येक डब्यावर जागा, वेळ, खोली. पेट्रोलवर चालणारा जनरेटर नमुने नेणाऱ्या गाडीतच असेल तर बचाव पक्षाला आणखी काही लागत नाही.

प्रयोगशाळेत डब्यात सक्रिय कोळशाची पट्टी टांगून तो ६० ते ८० अंशांवर रात्रभर ठेवतात; पट्टीवरची द्रव्यं विद्रावकात उतरवून जीसी-एमएस या, मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर त्यांचा पट पाहतात. पेट्रोल आढळलं नाही म्हणजे ते नव्हतंच असं नाही, आणि आढळलं म्हणजे गुन्हा सिद्ध असंही नाही. जागा गॅरेज असू शकते.

कायद्याचं तुम्हाला ठाऊक असेल, तरी इतर वाचकांसाठी: घर किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्याच्या हेतूने आग लावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये येतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आणि सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ला अपेक्षित आहे. तुमच्या प्रकरणात तुलनेचा नमुना घेतला होता का, हे पंचनाम्यात आधी शोधा.

प्रश्न (पारशिवनी): फेब्रुवारी-मार्चमध्ये धुरे (शेताचे बांध) पेटवतो. दोनदा आग जंगलाकडे गेली. पेटवायची योग्य पद्धत कोणती?

उत्तर: उत्तम पद्धत म्हणजे न पेटवणं. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) श्रेडरने बारीक करून शेतातच पडू द्या. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, आणि राखीव जंगलात आग गेली तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा तुमच्यावर.

तरीही नीट समजून घ्या, कारण तुमची चूक दिशेची असावी. वाऱ्याच्या सोबत पेटवलेली आग धावते. वाऱ्याच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या कडेला पेटवली तर ती वाऱ्याला तोंड देत पावलापावलाने सरकते आणि मागे काळी पट्टी ठेवत जाते. पुढे जाळायला काही उरतच नाही. चढावर आग वर पळते, म्हणून वरून खाली जाळायचं. दुपारी कधीच नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर, हवेत थोडी ओल आल्यावर. जंगलाच्या बाजूला आधी किमान तीन मीटर पट्टा मातीपर्यंत खरडून घ्या, तीन-चार माणसं, हिरव्या फांद्या आणि पाठीवरचा फवारणी पंप पाण्याने भरून ठेवा. मोहफुलं वेचण्यासाठी मोहाखालचा पाचोळा पेटवू नका, झाडून काढा किंवा खाली जाळी अंथरा. घरी जाण्याआधी जळलेल्या पट्ट्यातले ओंडके आणि वाळलेलं शेण उलटून पाहा. रात्री विझलेली वाटणारी आग बहुधा त्यांच्यातच असते आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या वाऱ्याला ती परत निघते.